कंसातला जिल्हा : आरोग्य कार्यक्रम आणि घरोघरची पाहणी

आजचा विषय कागदावर लिहिला की कोरडा दिसतो. सरकारी आरोग्य कार्यक्रम नीट चालले आहेत की नाहीत हे घरोघरच्या नियमित पाहण्यांवरून ओळखता येतं का, आणि येत असेल तर आपण तसं ओळखतो का, एवढाच तो विषय. म्हणून व्याख्या वगैरे बाजूला ठेवून आधी चार आकडे सांगतो.

महाराष्ट्रातली १२ ते २३ महिन्यांची मुलं घ्या. बीसीजी, गोवर, त्रिगुणीचे तीन डोस आणि पोलिओचे तीन डोस, एवढं सगळं त्यांतल्या किती मुलांना मिळालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, म्हणजे ज्याला सगळे एनएफएचएस म्हणतात त्यात, हा प्रश्न फेरी दर फेरी विचारला जातो. १९९८-९९ च्या फेरीत उत्तर आलं सुमारे ७८ टक्के. २००५-०६ च्या फेरीत ५९. २०१५-१६ मध्ये ५६. आणि २०१९-२१ च्या फेरीत सुमारे ७४.

वीस वर्षं झाली आणि आपण जिथून निघालो तिथंही परत पोचलो नाही. मधल्या काळात २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं, गावोगाव आशाताई आल्या, शीतपेट्या आल्या, संगणक आले. या सगळ्या काळात एखाद्या जिल्ह्याच्या आढावा बैठकीत कुणी उभं राहून 'आमचं लसीकरण वीस टक्क्यांनी घसरलंय' असं म्हणाल्याचं आमच्या तरी ऐकिवात नाही. बैठकीत उद्दिष्ट आणि साध्य असे दोन रकाने असतात आणि ते नेहमी एकमेकांच्या जवळपासच असतात. कधी कधी साध्य उद्दिष्टाच्याही पुढे जातं. एकशेचार टक्के मुलांना लस दिली, हे वाक्य वाचून हसू यायला हवं. पण ते इतक्या वेळा समोर आलेलं असतं की हसू येत नाही.

७८ चे ५९ झाले यात नमुन्याची चूक काही असेल, आईच्या आठवणीचा गोंधळ काही असेल. पण हा फरक एवढा मोठा आहे की सगळा त्यांच्या माथी मारता येत नाही. काहीतरी खरंच बिघडलं होतं, आणि ते ज्या यंत्रणेत बिघडलं त्या यंत्रणेच्या स्वतःच्या वहीत दिसत नव्हतं. आजचं आमचं सगळं म्हणणं या एका गोष्टीभोवती आहे.

वहीत का दिसत नाही, ते जरा सावकाश बघू. उपकेंद्राला उद्दिष्ट कसं मिळतं? लोकसंख्या घ्यायची, तिला जन्मदरानं गुणायचं, की वर्षाला एवढी मुलं अपेक्षित हा आकडा निघतो. लोकसंख्या कुठली, तर २०११ च्या जनगणनेवरून पुढे वाढवत आणलेली. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झालीच नाही. ज्या गावातून माणसं शहरात गेली तिथं हा अंदाज फुगतो, आणि पुण्या-मुंबईच्या कडेला जिथं दहा वर्षांत नवी वस्तीच उभी राहिली तिथं तो आखडतो. अपूर्णांकात वरचा आकडा नर्सबाई मेहनतीनं मोजतात, खालचा आकडा मात्र अंदाजाचा. छेदच डळमळीत असेल तर टक्केवारी कितीही दशांशापर्यंत काढा, उपयोग नाही.

दुसरी गोष्ट याहून साधी आहे. वही भरणाऱ्या माणसाचंच काम त्या वहीवरून तपासलं जातं. आम्ही कुणाला खोटारडं म्हणत नाही. पण ज्याच्या मार्कांवर त्याची बदली, मानधन, निदान साहेबांचं बोलणं तरी अवलंबून आहे, त्यालाच पेपर तपासायला दिला तर काय होणार? आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम २०१८ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रातले गडचिरोली, नंदुरबार, वाशीम आणि तेव्हाचं उस्मानाबाद त्यात होते. दर महिन्याला जिल्ह्यांची क्रमवारी लागायची, ती मुख्यतः जिल्ह्यांनीच भरलेल्या माहितीवर. महिन्याला क्रमवारी! कुपोषण काय महिन्यागणिक हलतं?

घरोघरच्या पाहणीचं बळ नेमकं इथं आहे. ती केंद्रावर जाऊन 'किती दिलं' असं विचारत नाही, दारात जाऊन 'किती मिळालं' असं विचारते. केंद्रावर जे आलेच नाहीत त्यांच्यापर्यंतही ती पोचते. वहीला फक्त आलेली माणसं दिसतात.

याची तीन उदाहरणं देतो. सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली पूर्ण मोफत आहे. औषधं, तपासण्या, जेवण, जाण्यायेण्याची गाडी, सगळं. दवाखान्याच्या नोंदीत ते मोफतच दिसणार. पण घरी बसून बाईला विचारलं तर २०१९-२१ च्या फेरीत देशभरात सरकारी बाळंतपणाला खिशातून सरासरी सुमारे २,९०० रुपये गेले होते. हा खर्च कुठल्या पावतीवर असणार? दुसरं उदाहरण शौचालयांचं. २ ऑक्टोबर २०१९ ला देश हागणदारीमुक्त जाहीर झाला. त्याच सुमारास सुरू असलेल्या या पाहणीत १९ टक्के घरांनी सांगितलं, आमच्याकडे शौचालयाची सोयच नाही. ही टीका करताना हेही सांगायला हवं की त्याआधीच्या फेरीत हाच आकडा ३९ होता. चार-पाच वर्षांत एवढी घट ही लहान गोष्ट नाही. पाहणीनं सरकारचं खरं यशही दाखवलं आणि घोषणेतलं जास्तीचं मापही दाखवलं, दोन्ही एकाच पानावर. तिसरं उदाहरण गॅसचं. उज्ज्वलाच्या हिशेबात जोडण्या मोजतात. पाहणी विचारते, स्वयंपाक मुख्यतः कशावर करता? स्वच्छ इंधनावर करणारी घरं ४४ टक्क्यांवरून ५९ वर गेली. वाढ चांगलीच आहे. पण कोपऱ्यात सिलिंडर उभा आणि चूल पेटलेली, असं घर तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिलं असेल. जोडण्यांच्या हिशेबात ते घर बसत नाही.

आता इथं एक शंका नेहमी येते: आशाताई तर सतत घरोघर फिरत असतात, मग हा सर्व्हे वेगळा कशाला? कुष्ठरोगाचा, क्षयरोगाचा, पोलिओचा, २०२० मध्ये 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'चा. गावातल्या बाईला विचारा, ती म्हणेल, 'आता हा कुठला सर्व्हे?' शंकेमागचा समज असा की सगळ्या घरांचा सर्व्हे म्हणजे थोड्या घरांच्या सर्व्हेपेक्षा जास्त खरा. हा समज फार खोल रुजलेला आहे, शिकलेल्या माणसांतही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालमध्ये तागाच्या पिकाची पाहणी केली तेव्हापासून ही चर्चा आहे. तेव्हाच दिसलं होतं की नीट निवडलेला लहान नमुना, शिकवलेल्या माणसांनी आणि देखरेखीखाली मोजला, तर तो पूर्ण मोजणीपेक्षा स्वस्त तर पडतोच, अचूकही ठरू शकतो. कारण पूर्ण मोजणीत माणसं जास्त, घाई जास्त, तपासणी कमी. सगळ्या घरांवर टिकमार्क करण्यापेक्षा वीस घरांत बसून चहा घेऊन विचारलेलं बरं.

महाराष्ट्राला याचा आणखी एक धडा मिळालेला आहे. २००१ साली 'कोवळी पानगळ' हा अहवाल आला. स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या गावांत घरोघरी जाऊन बालमृत्यू मोजले, आणि सरकारी नोंदींत असलेल्या मृत्यूंपेक्षा ते कितीतरी जास्त निघाले. वाद झाला, विधिमंडळात गाजला, मग डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मृत्यू तेच होते, मुलंही तीच होती. पण कुणाला मोजायला पाठवलं यावर ती असणार की नसणार हे ठरत होतं.

इथवर आम्ही पाहणीची बाजू मांडली. आता तिच्यावरच टीका करायची आहे, कारण ज्या रूपात ती आज आपल्यापुढे येते त्या रूपात ती कार्यक्रमांवर नजर ठेवू शकत नाही.

पहिलं, ती नियमित नाहीच. फेऱ्या बघा: १९९२-९३, १९९८-९९, २००५-०६, आणि मग थेट २०१५-१६. ग्रामीण आरोग्य अभियानाचं जवळजवळ पूर्ण पहिलं दशक या पाहणीच्या डोळ्यांआड गेलं. मध्ये जिल्हास्तरीय पाहण्या होत्या, २०१० ते २०१३ वार्षिक आरोग्य सर्वेक्षण होतं. पण ते आठ राज्यं आणि आसाम एवढ्यापुरतं, आणि तीन वर्षांत तेही थांबलं. प्रत्येकाचा नमुना वेगळा, प्रश्नांचे शब्द वेगळे. दहा वर्षांनी एकदा ताप मोजणाऱ्या डॉक्टरकडे आपण जाऊ का?

दुसरं, जिल्ह्याचा आकडा. चौथ्या फेरीपासून प्रत्येक जिल्ह्याचं पत्रक निघतं. पाचव्या फेरीत ७०७ जिल्हे आणि सुमारे ६ लाख ३७ हजार घरं. ऐकायला प्रचंड वाटतं. भागाकार करा, जिल्ह्याला साधारण नऊशे घरं येतात. त्या नऊशे घरांत १२ ते २३ महिन्यांची मुलं किती असणार? पन्नास-साठ. जिथं जन्मदर कमी आहे तिथं त्याहून कमी. सर्वेक्षण करणाऱ्यांनी यात लपवाछपवी केलेली नाही. नियमच आहे की २५ ते ४९ मुलांवर काढलेला आकडा कंसात छापायचा, आणि २५ हून कमी असतील तर आकडा न छापता तारांकन द्यायचं. कंस म्हणजे वाचणाऱ्याला सूचना, की बाबा, जपून.

पण होतं काय? पत्रक वर्तमानपत्रात येतं तेव्हा कंस गळून पडतो. जिल्हा परिषदेच्या सादरीकरणात गळतो. राज्याच्या क्रमवारीत तर गळतोच गळतो. चाळीस मुलांवर काढलेले ७० टक्के याचा अर्थ खरा आकडा पंचावन्न ते पंच्याऐंशी यांत कुठंही असू शकतो, आणि मुलं ठरावीक गावांतूनच उचललेली असल्यानं पट्टा याहूनही रुंद. अशा दोन आकड्यांवरून एका जिल्ह्याच्या अधिकाऱ्याचं कौतुक होतं आणि शेजारच्याला कारणे दाखवा नोटीस निघते. गणित जाणणाऱ्या माणसानं यावर सही कशी करावी हे आम्हाला कळत नाही. गोव्यासारख्या लहान राज्यात तर राज्याच्या आकड्यालाही ही काळजी घ्यावी लागते. एका फेरीत वर, एका फेरीत खाली, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी त्याचं कारण सांगायला तयार.

तिसरं, काळ. पाचवी फेरी दोन टप्प्यांत झाली. महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक पहिल्या टप्प्यात, जून २०१९ ते जानेवारी २०२०. उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, तामिळनाडू दुसऱ्या टप्प्यात, तो एप्रिल २०२१ पर्यंत लांबला. मध्ये टाळेबंदी येऊन गेली. म्हणजे आपली मुलं कोरोनाआधी मोजलेली, त्यांची बरीचशी नंतर. तरी 'राज्यांची तुलना' या मथळ्याचे लेख त्या वर्षी आपण सगळ्यांनीच वाचले. आम्हीही अशा तुलना केल्या आहेत, नाकारत नाही.

चौथं, प्रश्नावली. ती इतकी फुगलीय की ताशी एक बाईसुद्धा नीट होत नाही. लग्न, मुलं, संततिनियमन, लसी, आहार, हिंसा, मालमत्ता, उच्च रक्तदाब... प्रत्येक खात्याला आपला एक प्रश्न घालायचा असतो. याचा परिणाम कुठं दिसतो सांगतो. पाच वर्षांखालच्या मुलाबद्दल लांबलचक प्रश्न विचारावे लागतात. मग मुलाखतकार बाई दमलेल्या असल्या की काठावरच्या मुलाचं वय हळूच पाचच्या वर जातं. जगभरच्या अशा पाहण्यांत ही खोड सापडलेली आहे. त्या मुलीला दोष देऊन उपयोग नाही. कंत्राटी नोकरी, रोजची ठरलेली घरं, ऊन, भाषा वेगळी, आणि दारात उभं करून ठेवणारे यजमान. आपण या मुलींच्या कामावर देशाची धोरणं उभी करतो आणि त्यांचं मानधन मात्र सर्वांत शेवटी ठरतं.

आणि ज्यांच्यासाठी हे सगळं, त्यांतले काही घरोघरच्या पाहणीलाही दिसत नाहीत. बीडची ऊसतोड कुटुंबं ऑक्टोबरात निघतात. गावातल्या घराला कुलूप. तिकडे कोल्हापूर-सांगलीकडच्या फडावर पालं आणि कोप्या. त्या घरांच्या यादीत चढण्याची शक्यता फार कमी, कारण यादी कायमच्या घरांची असते. बाळाची लस बीडच्या उद्दिष्टात, बाळ कारखान्याच्या रस्त्यावर, आणि पाहणी दोन्हीकडे नाही. इथं वही आणि पाहणी दोन्ही एकत्र चुकतात. यावर उपाय साखर हंगामात फडावरच वेगळी मोजणी करणं हा आहे. नेहमीच्या नमुन्यात हे कधीच बसणार नाही.

आता सर्वांत अवघड गोष्ट, रक्तक्षयाची. २०१५-१६ मध्ये १५ ते ४९ वयाच्या ५३ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. २०१८ मध्ये 'अ‍ॅनिमियामुक्त भारत' सुरू झालं, दर वर्षी तीन टक्क्यांनी कमी करायचं असं ठरवून. २०१९-२१ मध्ये आकडा निघाला ५७. लहान मुलांत ५९ वरून ६७. म्हणजे कार्यक्रम सुरू झाला आणि आजार वाढला. पुढे सहाव्या फेरीतून ही तपासणीच काढून टाकली गेली.

कारण दिलं गेलं ते शास्त्रीय आहे, आणि आम्ही ते सरळ मान्य करतो. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबावर भरवसा कमी. बोट दाबलं की रक्तात शरीरातलं पाणी मिसळतं. शिरेतून रक्त घेऊन केलेल्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १ ते ४ वर्षांच्या मुलांत रक्तक्षय ४१ टक्केच निघाला होता. वयोगट अगदी तोच नाही, पण तफावत डोळ्यांत भरण्याजोगी आहे. तेव्हा पद्धत बदलायला हवी होती, यात वाद नाही. वाद आहे तो बदलायच्या पद्धतीबद्दल. एका फेरीत निवडक जिल्ह्यांत तरी दोन्ही रक्तं घ्यायची, थेंबाचं आणि शिरेचं, म्हणजे जुन्या आकड्याचं नव्यात रूपांतर करता येतं. धान्य मापायचा पायली-शेर जाऊन किलो आला तेव्हा दुकानदारानं काही दिवस दोन्ही मापं ठेवली होती ना? इथं जुनं माप फेकलं आणि नवं दुसऱ्या दुकानात ठेवलं. आता पुढचा आकडा कमी आला तर तो गोळ्यांनी कमी झाला की सुईनं, हे कुणालाच सांगता येणार नाही. कार्यक्रम राबवणाऱ्या प्रामाणिक माणसांवरही हा अन्याय आहे, कारण त्यांनी खरंच काही केलं असेल तर तेही आता सिद्ध होणार नाही.

मापं बदलल्यानं काय होतं हे आपण २०१२ मध्ये पाहिलंय. त्या वर्षीच्या राज्याच्या पोषण पाहणीत दोन वर्षांखालच्या मुलांतलं खुजेपण ३९ वरून २४ च्या आसपास आल्याचं दिसलं. राज्यभर आनंद झाला, आणि राजमाता जिजाऊ मिशनचं काम पाहता तो अगदीच अकारण नव्हता. मग २०१५-१६ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांत ३४ टक्के आलं, तर काहींनी आधीचं यश खोटं ठरवलं. वयोगट वेगळा आहे हे बघायला कुणी थांबलं नाही. पुढच्या फेरीत ३५. खुजेपणाची घट थांबली होती आणि वजनाची, म्हणजे लुकडेपणाची, टक्केवारी दोन्ही फेऱ्यांत २५.६ वर अडकली होती. खरी चिंता तिथं होती, भांडण मात्र दुसरीकडे चाललं.

मग नियमित पाहणी कशी असावी? आम्हाला वाटतं, लहान आणि दर वर्षी. पंधरा-वीस प्रश्न, त्याहून एकही जास्त नाही. आकडा जिल्ह्याचा मागायचा नाही, विभागाचा मागायचा: कोकण, नाशिक, पुणे, संभाजीनगर, अमरावती, नागपूर. जिल्ह्याला आकडा हवाच असेल तर तीन वर्षांचे नमुने एकत्र करून द्यायचा. पेरूनं आणि सेनेगलनं अशी दर वर्षीची पाहणी चालवून दाखवली आहे, ते काही आपल्याहून श्रीमंत प्रशासनाचे देश नव्हेत. आणि तालुक्याच्या पातळीवर तर टक्केवारीचा हट्टच सोडावा. कारखान्यात मालाचा गठ्ठा तपासतात तसा हिशेब आरोग्यातही पुष्कळ वर्षं वापरात आहे. चिठ्ठ्या टाकून १९ मुलं निवडा. ८० टक्क्यांचं उद्दिष्ट असेल तर १३ किंवा जास्त मुलांना लस मिळालेली असली की केंद्र ठीक. कमी असली की तिथं जाऊन बघा काय अडलंय. किती टक्के, हे त्यातून कळत नाही, पण कुठं जायचं ते कळतं. तालुका अधिकाऱ्याला दुसरं काय हवं असतं?

ही पाहणी करायची कुणी, यावर आपल्याकडे जुनं भांडण आहे आणि ते वाचण्यासारखं आहे. पिकांच्या पाहणीत महालनोबिस म्हणत, स्वतंत्र, फिरती, शिकवलेली पथकं हवीत आणि कापणीचे तुकडे लहान. साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे म्हणत, महसूल आणि शेती खात्याचीच माणसं वापरा, तुकडे मोठे घ्या, कारण लहान तुकड्यात उत्पन्न फुगून दिसतं. तुकड्यांच्या बाबतीत सुखात्म्यांचं म्हणणं पटण्यासारखं होतं. माणसांच्या बाबतीत, निदान आरोग्यापुरतं, आम्ही महालनोबिसांच्या बाजूला झुकतो, अर्ध्याच मनानं. कारण बाहेरचं पथक आकडा घेऊन निघून जातं आणि नर्सबाईच्या हातात काहीच उरत नाही. मधला रस्ता असा: पाहणी आरोग्य खात्याच्याच माणसांनी करावी, पण आपल्या नव्हे, दुसऱ्या तालुक्यात. आणि महालनोबिसांचीच एक युक्ती वापरावी. त्याच भागात दोन वेगळी पथकं, वेगवेगळी घरं. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर आधी पथकांकडे बघायचं, मग आजाराकडे.

शेवटी, ज्यांच्या दारात आपण जातो त्यांच्याबद्दल. एक बाई तासभर बसते. मूल किती, गेलेलं किती, नवरा मारतो का, सगळं सांगते. पाचव्या फेरीपर्यंत तिच्या लेकराच्या बोटातून रक्तही घेत. दोन वर्षांनी जिल्ह्याचं पत्रक इंग्रजीत एका संकेतस्थळावर चढतं. गावाचं नाव गुप्त ठेवावं लागतं हे खरं, तिला तिच्या गावाचा आकडा देता येणार नाही. पण जिल्ह्याचा देता येतो, मराठीत, ग्रामसभेत, कंसासकट. पुढच्या १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत तुमच्यापैकी कुणी आपल्या जिल्ह्याचं पत्रक घेऊन उभं राहणार असेल तर व्याख्यानानंतर आम्हाला भेटा. कुठल्या ओळी वाचायच्या आणि कुठल्या कंसांपाशी थांबायचं ते आपण बसून ठरवू. आता प्रश्न घेऊ या.